हात लावून जा

लोणीओपा आमच्या घरात आले की आधी ओट्याकडे जात. नमस्कार नंतर, खुर्ची नंतर, ‘कसं काय’ तर त्याहूनही नंतर. ओट्यावर जे काही चाललं असेल, कणीक मळणं असो, वरण घोटणं असो की कढी ढवळणं, त्याला आधी हात लावायचा, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटायचं आणि मगच कोट काढायचा. एकदा माझा नवरा मंदार ओट्याशी उभा राहून लॅपटॉपवर ऑफिसचं काम करत होता. ओपांनी त्याच्याही कीबोर्डवरचं एक बटण दाबलं. मंदारच्या बॉसला त्या दिवशी ‘Regards’नंतर एक विनाकारण k गेला. तोंडदेखलं हसून मंदारने लॅपटॉप आत नेला आणि पुढे कधी ओट्यावर आणला नाही.

ओपा म्हणजे डच भाषेत आजोबा. हे मात्र डच नव्हते. आयर्लंडच्या नैर्ऋत्य टोकाकडच्या एका खेड्यातले. द हेगमधल्या एका आंतरराष्ट्रीय कचेरीत भाषांतर करता करता त्यांचे केस पांढरे झाले, डच बायको केली, ती वारली, आणि मग हेगशेजारच्या झूटरमेर गावातल्या आमच्या इमारतीत, आमच्याच मजल्यावर, दोन दारं सोडून ते एकटे राहायला आले. “मला नावाने हाक मार,” असं त्यांनी मला दहा वेळा सांगितलं असेल. पण वडिलांच्या वयाच्या माणसाला नुसत्या नावाने हाक मारायला माझी जीभ वळेना. इथे ‘काका’ म्हणायचीही सोय नाही. डच पोरं ते ऐकून फिदीफिदी हसतात, कारण त्यांच्याकडे तो शब्द बाळाच्या लंगोटात सापडतो. शेवटी माझ्या सहा वर्षांच्या नीराने प्रश्न सोडवला. लोण्यासाठी येणारा ओपा तो लोणीओपा. ते नाव त्यांना इतकं आवडलं की त्यांनी ते माझ्याकडून देवनागरीत लिहून घेतलं आणि दाराच्या घंटीखाली चिकटवलं.

लोण्याचं प्रकरण सुरू झालं ते माझ्या वेंधळेपणामुळे. इथे आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी सुपरमार्केटमधून ‘बोटर’ लिहिलेल्या फळीवरचा मोठा डबा आणला. बोटर म्हणजे बटर, एवढं डच मला येत होतं. तो अख्खा डबा पातेल्यात घालून मी तूप कढवायला ठेवलं. अर्ध्या तासाने घरभर प्लॅस्टिक जळल्यासारखा वास आणि पातेल्यात पिवळं पाणी. ते मार्गारिन होतं, तेलाचं नकली लोणी. इथल्या प्रत्येक मराठी घरात हा विधी एकदा होतोच, असं मला नंतर कळलं. मी मात्र मनाला लावून घेतलं. झूटरमेरच्या बाहेर कुरणाच्या कडेला एक शेतकरी होता, तो गोठ्यातलं ताजं दूध विकायचा. शनिवारी सायकल हाणत तिथे जायचं, दूध आणायचं, आठवडाभर साय साठवायची, इथल्या कार्नेमेल्कचं, म्हणजे ताकाचंच, विरजण लावायचं आणि पुढच्या शनिवारी लोणी काढायचं. त्यासाठी साताऱ्याहून आईची लाकडी रवी बॅगेत घालून आणली होती. मिक्सर होता घरात. पण एकदा जिद्द केली की मी ती शेवटपर्यंत नेते, वाया गेली तरी.

आमच्या स्वयंपाकघराची खिडकी सगळ्या मजल्याच्या सामाईक गॅलरीवर उघडते. एका शनिवारी मी ताक घुसळत होते आणि काचेवर टकटक झाली. बाहेर पांढऱ्या दाढीचा, उंच, जरा पोक आलेला माणूस उभा होता आणि माझ्या हातातल्या रवीकडे असा बघत होता, जणू हरवलेलं कुणी सापडलंय. मी दार किलकिलं केलं. “माफ करा,” ते इंग्रजीत म्हणाले, “मी हे बघितलंय. आता हात न लावता मला पुढे जाता येणार नाही.”

आता सांगा, घरात मी आणि नीरा दोघीच. मनात म्हटलं, म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झालेला दिसतोय. पण चेहरा इतका गंभीर आणि इतका सभ्य होता की माझ्याच्याने नाही म्हणवेना. ते आत आले, नळाखाली हात धुतले, रवी दोन तळव्यांत धरली आणि दहा-बारा वेळा घुसळली. मग आपल्या भाषेत काहीतरी म्हणाले, मान लववली आणि निघून गेले. नाव नाही, गाव नाही. दहा मिनिटांत लोण्याचा असा गोळा वर आला की मी बघतच राहिले.

दुसऱ्या दिवशी ते रीतसर घंटी वाजवून खुलासा करायला आले. त्यांच्या गावात जुना रिवाज होता. कुणाच्या घरी लोणी निघत असताना तुम्ही आत गेलात, तर ‘देव या कामाला यश देवो’ म्हणायचं आणि घुसळण्याला हात लावूनच बाहेर पडायचं. हात न लावता जो जातो, तो त्या घरचं लोणी घेऊन जातो. म्हणजे खरोखर पिशवीत घालून नेत नाही. पण मग तिथे लोणी येतच नाही. “मी या गोष्टी मानत नाही,” ते म्हणाले. “पण तुझं लोणी गेलं असतं तर मला झोप लागली नसती.” मी फोनवर आईला हे सांगितलं तर ती तिकडून ओरडली, “परक्या माणसाला लोण्याला हात लावू दिलास? अगं, नजर लागते!” लोणी छान आलं हे सांगितलं तर म्हणाली, “साय जास्त असेल.”

मग हळूहळू कळलं की या माणसाने निवृत्तीनंतरची सगळी वर्षं एका शब्दावर घालवली होती. आयरिशमध्ये लोण्याला म्हणतात ‘इम’. त्यांच्या खेड्याकडे लांबवून ‘ईम’. बस, लिहिताना दोन अक्षरं. त्या दोन अक्षरांसाठी त्यांच्याकडे बुटांची तीन खोकी होती, चिठ्ठ्या ठेवायला. पहिल्या खोक्यावर लिहिलं होतं ‘वंश’, दुसऱ्यावर ‘व्याकरण’, तिसऱ्यावर ‘घर’. त्यांचा एक कॉलेजमधला मित्र तिकडे शब्दांच्या अभ्यासाचं छोटंसं नियतकालिक काढायचा, त्याला हा लेख हवा होता. मित्र दर नाताळात विचारायचा, ‘झाला का?’ आणि हे दर नाताळात कळवायचे, ‘एक खोकं राहिलंय.’ मी ऑफिसात प्रोजेक्टच्या तारखा सांभाळते. मी म्हटलं, “ओपा, आमच्याकडे असं कुणी केलं तर पहिल्या महिन्यात घरी पाठवतात.” ते शांतपणे म्हणाले, “मी घरीच आहे.”

व्याकरणाचं खोकं उघडून ते माझी शिकवणी घेत. ईम हा शब्द एकटा बसला असेल तर ‘ईम’. पण अमुक एक लोणी असं बोट दाखवून म्हणायचं झालं की पुढे एक त येऊन चिकटतो, ‘तीम’. आणि लोण्याची चव म्हणायची झाली की तो त निघून जातो आणि शेवटी ए येतो, ‘इमे’. मी म्हटलं, हा काय छळ आहे? तर म्हणाले, “तू काल नीराला काय सांगत होतीस? लोणी खा, आणि मग लोण्याचा हात पूस. ‘लोणी’चं ‘लोण्या’ कुणी केलं? शब्दाचेही घरातले कपडे वेगळे आणि बाहेर जायचे वेगळे.” चाळीस वर्षं मराठी बोलतेय, पण लोण्याने कपडे बदललेले मला कधी दिसले नव्हते.

त्यांना आमच्या नपुंसकलिंगाचं फार अप्रूप. आयरिशमध्ये ते पूर्वी होतं. लोणी त्या काळी नपुंसकलिंगीच होतं. पुढे ते लिंगच भाषेतून नाहीसं झालं आणि लोण्याला नाइलाजाने पुरुषांत जाऊन बसावं लागलं. “तुमच्याकडे अजून तिन्ही आहेत,” ते म्हणत, “जपून वापरा.” नीराला मराठी सगळं कळतं, पण उत्तर ती डचमध्ये देते. मराठी बोललीच तर ‘तो दूध’, ‘ती घर’ असा सगळा गोंधळ. ओपा तिला विचारत, “तो लोणी, ती लोणी की ते लोणी?” ती मान वर न करता म्हणे, “ते.” दहादा विचारलं तरी ‘ते’. ओपांना इतका आनंद व्हायचा की विचारू नका. “हिला काय माहीत आहे, ते हिलाच माहीत नाही,” असं म्हणून ते तिच्या डोक्यावर हात ठेवत. मी तिच्या मराठीवरून सदान्‌कदा कटकट करायचे. त्यांच्यामुळे ती जरा कमी झाली, हे त्यांचे उपकारच म्हणायचे.

शब्दांच्या नात्याबाबतीत मात्र हा गोड माणूस एकदम कडक. एकदा कळलं की आयरिशमध्ये रवीसारख्या दांड्याला ‘लॉने’च्या जवळपास जाणारा एक शब्द आहे. मी उडालेच. लोणी आणि लॉने! म्हटलं, हे बघा, सापडलं नातं. त्यांनी चष्मा काढला. “बाई,” ते म्हणाले, “रस्त्यात दोन माणसांची नाकं सारखी दिसली म्हणून त्यांना भाऊ करायचं नसतं.” लोणी हे ‘नवनीत’ या संस्कृत शब्दावरून झिजत आलंय, त्याचा त्या दांड्याशी काडीचा संबंध नाही, हे त्यांनी मला अर्धा तास समजावलं. मी फुरंगटले. खरं सांगते, दोन दिवस गॅलरीत समोर आले तरी मी नुसती मान हलवत होते.

आणि मग दिवाळीच्या पहिल्या दिवशी सकाळी ते आले, तेव्हा मी नीराला पाटावर बसवून तेल चोळत होते. सवयीने ते ओट्याकडे गेले. ओट्यावर काही नव्हतं. मग नीराच्या डोक्यावरच्या तेलालाच बोट लावलं आणि विचारलं, याला काय म्हणतात. म्हटलं, अभ्यंग. ते मटकन खुर्चीत बसले. धावत, म्हणजे त्यांच्या वयाला जमेल तितकं धावत, घरी जाऊन पहिल्या खोक्यातली चिठ्ठी घेऊन आले. तिच्यावर संस्कृत धातू होता, अञ्ज्, म्हणजे माखणं, लेपणं. त्याच्यापासून आपलं अंजन, त्याच्यापासून अभ्यंग. आणि ज्या फार जुन्या मुळापासून तो आला, त्याच मुळापासून हजारो मैल पलीकडे त्यांचा ‘ईम’. माखायची वस्तू ती लोणी. “हे मी पंचवीस वर्षं पुस्तकात वाचत होतो,” ते म्हणाले, “वास आज आला.” त्यांचे डोळे भरले होते. मीही अबोला सोडला आणि त्यांच्या टाळूवर उरलेलं तेल थापलं.

इतकं सगळं होतं, तरी तिसरं खोकं जवळजवळ रिकामंच. ‘घर’ असं लिहिलेलं. त्यात एकच चिठ्ठी, आणि तिच्यावर फक्त शीर्षक, ‘हात लावण्याचा रिवाज’. बाकी कोरी. मला नवल वाटे. हा रिवाज त्यांनी मला पहिल्या भेटीत उभ्या उभ्या सांगितला होता. तोच लिहायचा तर दहा मिनिटांचं काम. मी तसं म्हटलं की ते चहा कसा झालाय ते सांगू लागत. एकदा मी फारच लकडा लावला, तर म्हणाले, “ती चिठ्ठी मला लिहिता येत नाही. प्रयत्न करून झाला.” त्यांचा आवाज असा होता, की मी पुढे विचारलं नाही.

त्या उन्हाळ्यात आई साताऱ्याहून तीन महिन्यांसाठी आली. आल्या आल्या तिने रवीचा ताबा घेतला. लोणीओपांचं सगळं पुराण तिला ठाऊक होतं आणि ते तिला अजिबात पसंत नव्हतं. “माणूस चांगला असेल गं, पण लोण्यावर परक्याची नजर नको,” हे तिचं पालुपद. पहिल्या शनिवारी ती सकाळी उठून ओपा यायच्या आत लोणी काढून मोकळी झाली. दुसऱ्या शनिवारीही तेच. ओपा येत, धुवून ठेवलेली रवी बघत, “मला उशीर झाला,” एवढंच म्हणत आणि पडेल चेहऱ्याने चहा पिऊन जात. मला दोघांच्या मध्ये उभं राहून मेल्याहून मेल्यासारखं होई.

तिसऱ्या शनिवारी ओपा तासभर आधी आले. आई ऐन घुसळण्याच्या भरात होती. त्यांना बघताच तिने झटकन पदर सोडला आणि पातेल्यावर आडवा धरला. अगदी सरळ, तोंडावर. मला धरणी दुभंगेल तर बरं असं झालं. पण ओपा जागच्या जागी थबकले आणि मग हसायला लागले, इतके की भिंतीला टेकले. “माझी आई,” ते म्हणाले, “अशीच करायची. फक्त एप्रन धरायची.” त्यांच्या गावातही लोण्याला नजर लागायची. आलेला माणूस वाईट मनाने आलेला नाही हे कळावं म्हणून तर त्याने हात लावायचा. मी आईला हे मराठीत सांगितलं. आईने पदर तसाच धरून विचारलं:

“म्हणजे हे नजर लावायला नाही, काढायला हात लावतात?”

“हो गं आई.”

“मग हे आधी नाही का सांगायचं?” म्हणून तिने माझ्याकडेच डोळे वटारले आणि पदर सावरून रवी त्यांच्या हातात दिली. “घ्या. पण हळू. पातेलं हलकं आहे.”

त्यांनी घुसळलं, पुटपुटले, रवी परत दिली. मग ओट्याजवळच्या स्टुलावर बसले आणि मला म्हणाले, “आईंना एक गोष्ट सांगायची आहे. तू फक्त भाषांतर कर. मध्ये तुझं काही घालू नकोस.”

गोष्ट अशी. ते एकोणीस वर्षांचे असताना शिकायला म्हणून घर सोडून निघाले. सकाळची बस. आई ताक घुसळत होती. ते आत आले, आईच्या गालाला गाल लावला आणि तसेच वळले. बसचा आवाज येत होता. डोळ्यांतलं पाणी दिसू नये म्हणून घाई होती. घुसळण्याला हात लावायचा राहिला. दाराबाहेर पडल्यावर त्यांच्या ते लक्षात आलं, पण परत गेलो तर रडू येईल म्हणून गेले नाहीत, मागे वळूनही पाहिलं नाही. महिन्याभराने धाकट्या बहिणीचं पत्र आलं. गावच्या चार बातम्या, आणि मध्येच एक ओळ: तू गेलास त्या दिवशी लोणी आलं नाही, आईने सगळं वासरांना घातलं. पुढच्याच हिवाळ्यात आई गेली. ते मूठमातीलाही पोहोचू शकले नाहीत.

“मी भाषेचा माणूस आहे,” ते म्हणाले. “मी काही मानत नाही. पण त्या घरचं लोणी मी घेऊन गेलो, असं तिला वाटलं असेल का, हे पन्नास वर्षांहून जास्त काळ मला कळलेलं नाही. ती चिठ्ठी म्हणून कोरी आहे.”

आईने ते सगळं पाककृती ऐकावी तसं ऐकलं. रवी पातेल्याच्या काठावर टेकवली आणि म्हणाली, “विचार त्यांना, आधी त्यांच्या आईचं लोणी कधी फसायचं का?”

मी विचारलं. कधीच नाही, असं ते म्हणाले.

“मग त्यात काय कळायचं राहिलंय?” आई म्हणाली. “अहो, लोणी आलं नाही, कारण ती घुसळत नव्हती. पोरगा घर सोडून निघालाय, आणि आई ताक घुसळत बसेल होय? तिने ठेवलं असणार सगळं तिथंच, आणि आली असणार दारात. मध्येच सोडलं की गार पडतं. मग कितीही घुसळा, येत नाही. तू मागे वळून बघितलं असतंस तर दिसली असती रे तुला. दारातच उभी होती ती.”

मी भाषांतर केलं. ओपांनी मला विचारलं, “आधी त्या ‘अहो’ म्हणाल्या. शेवटी ‘रे’ आला. मध्ये काय बदललं?”

“तुम्ही लहान झालात,” मी म्हटलं.

ते उठले. जाताना आईसमोर दाराशी थांबले आणि आपण देवळात करतो तसे दोन्ही हात जोडले. कुठे शिकले होते कुणास ठाऊक. आई एकदम संकोचून म्हणाली, “बरं बरं. पुढच्या शनिवारी लवकर या.” साताऱ्याला परत गेल्यावर तिने एका ओळखीच्या मुलाबरोबर त्यांच्यासाठी नवी कोरी रवी धाडली. तिच्या मुठीला हळद-कुंकू लागलेलं होतं, ते ओपांनी कधी पुसलं नाही.

पण चिठ्ठी काही लिहून झाली नाही. मी विचारलं तर म्हणाले, “तुझी आई फार हुशार आहे. पण ती प्रेमळही आहे. प्रेमळ माणसाचा पुरावा धरता येत नाही.” त्यांना हवं होतं खात्रीचं काहीतरी, आणि ते द्यायला जगात कुणी उरलं नव्हतं. बहिणीलासुद्धा एवढंच आठवत होतं, की वासरं खूश होती.

लोणीओपा गेल्या हिवाळ्यात गेले. त्याआधी लेख मात्र पुरा झाला आणि छापूनही आला. आयरिशमध्ये, त्यामुळे मला त्यातलं अक्षर कळत नाही. पण शेवटच्या भागात एक तळटीप आहे आणि तिच्यात सातारा हा शब्द ओळखू येतो. अर्थ त्यांनीच फोनवर सांगितला होता: ‘या बाबतीत साताऱ्याच्या एका जाणकार बाईंचं मत ग्राह्य मानलं आहे.’ आईने ते पान लॅमिनेट करून फ्रिजवर लावलंय. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवते. वाचता कुणालाच येत नाही.

तो लेख कसा पुरा झाला, तेवढं सांगायचं राहिलं. मंदारला आइंडहोवनला नोकरी मिळाली आणि आम्ही झूटरमेर सोडलं. आइंडहोवन काही चंद्रावर नाही, दीड तासाचा रस्ता. तरी सामानाची गाडी खाली लागली तेव्हा मला हुंदके आवरेनात. शनिवार होता. निरोप घ्यायला म्हणून मी आणि नीरा त्यांच्याकडे गेलो, तर हे आईने पाठवलेल्या रवीने ताक घुसळत बसलेले. त्या शेतकऱ्याकडून आदल्या शनिवारी स्वतः दूध घेऊन आले होते, आठवडाभर साय साठवली होती. मुद्दाम केलं होतं, हे मला न सांगताच समजलं.

खालून मंदारचे फोनवर फोन. मी हात धुतले, रवी धरली, घुसळलं. त्यांनी शिकवलेलं वाक्य मोडक्यातोडक्या आयरिशमध्ये म्हटलं. नीराने लावला हात, आणि चक्क मराठीत म्हणाली, “लोणी येऊ दे.” ओपांनी तिचा तोच हात थोडा वेळ धरून ठेवला. मग मला म्हणाले, “जा आता. सगळं रीतसर झालं.” आणि रवी पुन्हा हातात घेतली. आम्ही निघालो तेव्हा ते खाली मान घालून घुसळत होते.

आईने सांगितलेलं मी विसरले नव्हते. गाडी सुरू झाली तशी मी काच खाली केली आणि वळून वर पाहिलं. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत ते कठड्याला दोन्ही हातांनी धरून उभे होते. मी हात हलवला, त्यांनी हलवला. कोपऱ्यावर गाडी वळेपर्यंत मला ते दिसत होते.

संध्याकाळी, खोक्यांच्या पसाऱ्यात बसून मी त्यांना फोन लावला. पोहोचलो म्हटलं, घर बरं आहे म्हटलं, आणि मग विचारलं, “लोणी आलं का हो?”



“नाही,” ते म्हणाले. “तू हात लावलास, नीराने लावला, काही चुकलं नव्हतं. पण तुम्ही जिना उतरायला लागलात आणि मी रवी ठेवून बाहेर आलो. गाडी वळली, तरी उभाच होतो. आत आलो तेव्हा सगळं गार पडलं होतं. मग चिठ्ठी लिहायला बसलो. आत्ता संपली.”



“तुझ्या आईला आजच कळव,” ते म्हणाले. “म्हणावं, ती दारातच उभी होती.”